क्लिनिकही, लॅबही

बाबा, आज युनिव्हर्सिटीत विभागप्रमुखांनी मला बोलावलं होतं. प्रमोशन हवं असेल तर क्लिनिक सोड, म्हणाल्या. पेशंट बघण्यात जातो तेवढ्या वेळात पेपर लिहून होतील. मी नाही म्हणाले. शांतपणेच म्हणाले, आणि गाडीत बसल्यावर वाटलं, हे तुला सांगायला हवं. दोन्हीतलं एक सोड, असं मला पहिल्यांदा तूच म्हणाला होतास.

तेव्हा मी फिजिकल थेरपीच्या डॉक्टरेटच्या दुसऱ्या वर्षाला होते. पेशंटना हाताळायला शिकवणारी ती पदवी, आणि तिच्या जोडीला पीएचडीही करायची असं मी ठरवलं होतं. सुट्टीत रेडमंडच्या आपल्या घरी आले तेव्हा टेबलाशी बसून तू ऐकून घेतलंस. पार्किन्सन्सनं आवाज बारीक झाला होता, धार तशीच होती. "लोकांना चालायला शिकव, लायसन्स घे, जॉब कर. वर आणखी रिसर्च कशाला? एकाच माणसाला दोनदा डॉक्टर कशाला व्हायचंय?" आई म्हणाली, "करू दे रे तिला." "कर म्हटलं की झालं? कधी संपणार हे?" तू म्हणालास. मी उठून खोलीत गेले.

त्याच सुट्टीतली गोष्ट. स्वयंपाकघराच्या दारात तुझे पाय जमिनीला चिकटल्यासारखे अडायचे. क्लिनिकमध्ये शिकवलं होतं तशा मी जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्या लावल्या. एकेक पट्टी ओलांडत तू चालायला लागलास आणि चेहरा कोरा ठेवून म्हणालास, "बरं आहे." दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन निघालास, तर त्याच पट्ट्यांपुढे थांबलास. पट्टी दिसते आहे, पाय उचलत नाही, चहा शर्टावर सांडतो आहे. मी धावत येऊन तुला धरलं, आणि तोंडातून निघून गेलं की कप ठेवून परत चालून दाखव. तू दाखवलंस, अगदी नीट. मग कप पुन्हा तुझ्या हातात दिला. पुन्हा अडलास. "मी तुझा बाप आहे," तू म्हणालास, "प्रयोग नाही."

त्याची माफी मी मागणार नाही. पट्ट्या लावायला क्लिनिकनं शिकवलं, पण हातात कप आला की त्या का लागू पडत नाहीत, ते तिथे मला कुणी सांगू शकलं नाही. आणि आमच्या लॅबमध्ये हा प्रश्न कुणी काढलाच नव्हता, कारण लॅबमध्ये कुणी चहा घेऊन चालत नाही. माझी पीएचडी त्याच प्रश्नावर झाली. ती बघायला तू राहिला नाहीस. उत्तर अर्धंच सापडलं. उरलेलं अर्धं पेशंटच्या पायांकडे बघितल्याशिवाय सापडणार नाही, हे मी आज विभागप्रमुखांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे कायम झेपणार नाही." मी म्हटलं, झेपेल तोवर करेन. प्रमोशन बहुतेक जाईल. जाऊ दे.

तू असतास तर आजही त्यांचीच बाजू घेतली असतीस, आणि मी आजही ऐकलं नसतं.

हे कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून एक सांगून टाकते. मी अमेरिकेत वाढले, तुझ्याशी आयुष्यभर इंग्रजीत भांडले. हे मराठीत लिहिताना मध्येच आईला फोन करून जोडाक्षरं विचारली. कशासाठी, ते तिला सांगितलं नाही.