बारा खोल्यांच्या चादरी

आये, मी आठवते का तुला? जिवंत होतीस तेव्हाच आधी दोघी बहिणींची नावं घेऊन मग माझ्यावर यायचीस. आता तर तुला जाऊन किती वर्षं झाली. मी तुझी मधली, अमेरिकेत दिलेली. सांगते मी, लिहून घेते सून, त्यामुळे तिच्याबद्दल वाईट काही येणार नाही.

"आई, हे पण लिहू?"

"लिही की. तुझंच कौतुक आहे."

उद्या दहाला आमचं मोटेल विकत घेणारा येतोय. अंगठा माझा लागणार. विकलं की मला नेपरव्हिलला आपल्या घरी न्यायचं म्हणून मुलाने सुनेला इथे पाठवलंय, आणि स्वतः तिथून सारखा फोन करतोय, "आई, डिसाइड केलंस ना?" मी म्हणते, थांब, आधी आयेशी बोलू दे.

गाव वाळवंटातलं. आम्ही आलो तेव्हा डोंगरात तांब्याची खाण चालू होती. कामगार आठवडा आठवडा राहायचे, बाराही खोल्या भरलेल्या, आणि चादरींना अशी लाल माती की पाणी तीनदा बदलावं. मग खाण बंद पडली, हायवे गावाबाहेरून गेला. मधे उन्हावर वीज करायच्या काचा बसवायला माणसं आली. वाटलं, चाललं पुन्हा. काचा बसल्या, माणसं गेली. आता इथे नोकरीला फक्त ऊन आहे. आमच्या खोल्या पाडून तिथेही काचाच घालणार म्हणे.

आपलं घर परटाचं, पण तू मला गाठोड्याला हात लावू द्यायची नाहीस. एकदा मी, कापड कुणाचं ते कळायला तू घालायचीस तशी, बिब्ब्याने कुणाच्या धोतराला खूण घालून पाहिली, तर मनगट धरून म्हणालीस, "हे शिकायचं नाही. लोकांचं धुणं माझ्यापाशी संपलं."

शिकले होतेच गं. टिंब, दोन टिंबं, फुली, माशाचं शेपूट. इथे आकडे कळेनात, म्हणून चादरींच्या कोपऱ्यांवर लाल दोऱ्याने त्याच खुणा घातल्या, बारा खोल्यांना बारा. तुला मात्र पत्रांतून कळवत राहिले, मालकीण झाले, कामाला बायका आहेत. ती पत्रं शाळेचे मास्तर आपल्या ओट्यावर बसून तुला वाचून दाखवायचे, सगळी आळी ऐकायची. खरं कसं सांगू? बायका नव्हत्या. मीच धुवायचे.

आणि अजून धुते. वर्षभर एक गिऱ्हाईक नाही, तरी दर सोमवारी स्वच्छ चादरी काढून पुन्हा धुते, वाळवते, घड्या घालते. मुलाला माहीत नाही. हे ऐकून सूनबाई लिहायची थांबली आहे.

"अगं लिही. उद्या अंगठा देते म्हणून लिही."

पत्र कुठे टाकायचं नाही. मास्तरही आता तुझ्याकडेच आहेत. पण काही पाठवणार असशील तर नेपरव्हिलला सुक्या बोंबलाची चटणी पाठव. सूनबाईला घरात वास चालत नाही, तेव्हा झाकण घट्ट लाव, आणि लसूण कमी घालू नकोस.