अठरा इंची

९ जानेवारी
सव्वीस वर्षांपूर्वी मला स्पीकर उघडायला शिकवणारे मास्तर म्हणाले होते, "तुझे कान सोन्याचे आहेत." त्या एका वाक्यावर मी धंदा उभा केला. बायकोचं म्हणणं, त्यांना त्या दिवशी एक जुना अॅम्प्लिफायर माझ्या गळ्यात मारायचा होता. मारला. म्हणून वाक्य खोटं ठरत नाही.

तर हे सोन्याचे कान सांगतात : ताईच्या, माझ्या थोरल्या बहिणीच्या, आवाजाला काहीही झालेलं नाही. गेले तीन महिने कार्यक्रमात ती गायला लागली की मागच्या रांगा मोबाइल काढतात. घोगरी वाटते, वरचा सूर फाटतो. कारण एकच, आमचे बेसचे स्पीकर. पंधरा इंची आणि म्हातारे. आवाजाला खालून आधारच नाही. पाया खचला तर भिंत तडकणारच.
उपाय : अठरा इंची.

१० जानेवारी
बायकोला सांगितलं. म्हणाली, "घसा ताईंचा बसलाय आणि औषध खोक्याला?"
तिला ध्वनिशास्त्रातलं कळत नाही.

१५ जानेवारी, दुपार
स्पीकर आले. दोन. पहिला उचलताना कमरेतून आवाज आला. तोही बेसमध्येच.
जुन्या खोक्यांत बसत नाहीत. हे मला आधीपासून माहीत होतं. (आज कळलं.) सुताराकडे नवी खोकी टाकली. माप बघून त्याने विचारलं, यात माणूस ठेवायचाय का.

२३ जानेवारी
खोकी आली. एक बाहेरच्या खोलीत मावलं. दुसरं दारातून आत येईना, ते जिन्याखाली. आता जेवायचं तर खोक्याला पाठ टेकून. बायको म्हणाली, "त्यापेक्षा सवत आणली असतीत तर निदान भाजी तरी चिरली असती."
घरातलं जोडून वाजवलं. कपाटातल्या बशा नाचल्या.

२७ जानेवारी
जिन्याखालचं खोकं तिथेच उकिडवं बसून जोडलं. टॉर्च तोंडात. वाजवलं. वरच्या मजल्यावरच्या आजी भूकंप झाला का विचारून गेल्या. याला म्हणतात बेस.
दोन्ही एकत्र वाजवून बघायला हवीत. पण दोन्ही एका ठिकाणी येणार कशी? एकेक उत्तम, म्हणजे दोन मिळून दुप्पट उत्तम.

१ फेब्रुवारी
ताई आली. पाणी गिळतानाही तोंड वाकडं करत होती. म्हणाली, "ढब्ब्या, बारा तारखेला घशाच्या डॉक्टरांची वेळ मिळालीय." (मी एकोणपन्नासचा आहे. ती अजून ढब्ब्याच म्हणते.)
बाराला तालीम, तेराला कार्यक्रम! समजावलं. डॉक्टर गाऊ नका म्हणणार, त्यांचं कामच ते. आधी कार्यक्रम होऊ दे. मग खोकं दाखवलं. तिने त्यावर हात ठेवला. "एवढं माझ्यासाठी केलंस?" म्हणाली. मी म्हटलं, मग काय शेजाऱ्यांसाठी?
तिने डॉक्टरांची वेळ रद्द केली. पुढची एकदम मार्चअखेरची मिळाली.
माणसाला समजावण्याची कला माझ्यात आहे.

१२ फेब्रुवारी
तालीम कीबोर्डवाल्याच्या घरी, छोट्या स्पीकरवर. ताई नुसते ओठ हलवत होती. आवाज उद्यासाठी राखून ठेवतेय, मुरलेली गायिका. कीबोर्डवाला मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, वरच्या पट्टीची दोन गाणी गाळू या का?" मी म्हटलं, उद्या अठरा इंच खाली असतील, तेव्हा बोल.
गाडीत दोन्ही खोकी बसली. ताईची गादीची खुर्ची मावली नाही. एक दिवस उभी राहील.

१३ फेब्रुवारी
सभागृह भरलेलं. पहिल्याच गाण्याला बेस दिला. काही नाही. आणखी दिला. कडेला, चहाच्या टेबलापाशी कप थडथडत होते. पण मधे, जिथे माणसं बसली होती, तिथे बेसचा थेंब नाही. कीबोर्डमधला ड्रम बादली बडवल्यासारखा.
आणि ताईचा आवाज. तेवढाच. उघडा.
चार महिने मी तिचा माइक जरा कमी ठेवून तिच्याभोवती बाकीचं सगळं गुंडाळत आलो. आज गुंडाळायला काही नव्हतं. दुसऱ्या कडव्यात आवाज तुटला. पुढच्या ओळीला नुसती हवा आली. कोणी मोबाइल काढला नाही. सगळे ऐकत होते.
ताई थांबली. "माफ करा," म्हणाली, "आज एवढंच." खुर्ची नव्हती म्हणून बेसच्या खोक्यावर बसली.

१४ फेब्रुवारी
सापडलं! जिन्याखालच्या खोक्यात लाल वायर काळीच्या जागी. एक स्पीकर पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. मधोमध दोघे एकमेकांना खाऊन टाकतात. दोन मिनिटांत सरळ केलं. म्हणजे काल जे झालं ते वायरमुळे.
लगेच ताईला फोन. ती कुजबुजली, "तूही ऐकलंस ना रे?"
मी वायरचंच सांगत राहिलो. तिने फोन ठेवला.

२० फेब्रुवारी
बायकोने ओळख काढून डॉक्टरांची लवकरची वेळ मिळवली. गाडी चालवायला मी.
डॉक्टरांनी विचारलं, किती दिवसांपासून? मी म्हटलं, असतील पंधरा-वीस. ताईने चार बोटं वर केली. डॉक्टर म्हणाले, आठवडे? तिने नाही म्हणून मान हलवली. बोटं तशीच.
डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. लिहीत राहिले.

४ मार्च
गाठ आहे. वाईट आहे. स्वरयंत्र काढावं लागणार.
हल्ली गळ्याला लावायचं एक मशीन मिळतं, त्यातून बोलता येतं. फक्त आवाज सपाट, किरकिरा येतो म्हणे. जेवताना बायकोला म्हटलं, मी ते उघडून बघेन, थोडा बेस वाढवता आला तर.
तिने हातातली वाटी खाली ठेवली आणि आत निघून गेली.

१० मार्च, संध्याकाळ
परवा ऑपरेशन. घशाला ताण नको म्हणून ताईचं बोलणं बंद. पाटीवर लिहिते. मी गेलो की एकच : जेवलास? फेब्रुवारीतल्या बारा तारखेचं काही नाही. तिची वेळ मी घालवली, त्याचं काही नाही. मी वायरचा विषय काढणार होतो. नाही काढला. वायर बरोबर असती तर मी अजूनही तिला गायला उभं केलं असतं.
उद्या जाऊन एक मागणार आहे. ती मान हलवून नाही म्हणेल आणि पाटी पुढे ओढेल. तरी मागणार.
ताई, परवाच्या आधी एकदा मला रागाव. तोंडाने.