नावाआधीचं अक्षर

पीळमेडू, कोइंबतूर
४ जानेवारी

चि. कयलविळी हीस अप्पाचे अ. आ. वि. वि.,

वाळूच्या पाण्यातही न झिजणारा तुमचा पंप इथल्या पेपरात आला. जर्मनी, ब्राझील, केनिया आणि आपण, अशा चौघांनी मिळून केलेला. आणि संशोधक कोण, तर म्हणे सेन्निअप्पन. चहावाल्या मारप्पनने विचारलं, अण्णा, जर्मनीला कधी जाऊन आलात? म्हटलं, आठवीत नापास झालो तेव्हा, घरी तोंड दाखवायची लाज वाटत होती.

पंपवाल्यांच्या संघाने पोंगलनंतर माझा सत्कार ठरवलाय. जन्मभर पंप ओतले, तेव्हा कुणी शाल दिली नाही. अम्मा म्हणते, शाल घ्या, पण भाषण करू नका. हा घोटाळा झाला कसा ते कळव. थंडीत डोकं झाकत जा, असंही ती म्हणते.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेला
प. सेन्निअप्पन

आखेन, जर्मनी
१३ जानेवारी

ती. अप्पांस शि. सा. न. वि. वि.,

पत्र वाचून खूप हसले. मग हसू ओसरलं. इथल्या अर्जात आडनावाची जागा रिकामी सोडता येत नाही. आपल्यात आडनाव कुठलं? नावाआधी वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर, तेवढंच. माझ्या नावाआधीचं 'से' उलगडून तुमचं नाव तिथे भरलं गेलं. तेव्हापासून सगळे मला सेन्निअप्पनच म्हणतात. ब्राझीलचा पाउलो तर लाडाने 'सेन्नी'. पंपात वाळू शिरू न देणारं सील माझ्या डोक्यातून निघालं, पण कयलविळीने केलं असं कुठेच नाही.

पेटंटवरचं नाव मार्चअखेरपर्यंत बदलता येईल. बदललं, तर तुम्हाला खोडल्यासारखं वाटतं. नाही बदललं, तर मी उरत नाही. तुम्हीच सांगा. अम्माला म्हणावं, टोपी घालते.

आहे ती माया अशीच राहू द्या.
कयल

पीळमेडू
२८ जानेवारी

चि. कयल हीस अ. आ.,

सत्काराला गेलो. जेवण सोडलं नाही, शाल घेतली नाही. माइकवर सांगितलं, मंडळी, शोध लेकीचा आहे. मी तिच्या नावातलं नुसतं एक अक्षर. अध्यक्ष म्हणाले, मग या शालीचं काय करू? म्हटलं, घडी मोडू नका, लेक चैत्रात घरी येईल.

नाव बदल. तुझं पुरं, माझं अक्षर. माझ्या बापाचं 'प' मी आजवर वागवलं. त्याने माझा बाप लहान झाला नाही. पाउलोला सांग, जरा जीभ वळव, आम्हीही तुझं नाव शिकलोच की.

तुमच्या नमुन्याचा पहिला पंप आपल्या फाउंड्रीत ओतला. पंपाच्या अंगावर मालकाचं नाव असतं. साच्यात अक्षरं बसवताना कारागीर अडला. म्हणाला, अण्णा, पहिलं अक्षर चुकलंय, 'प' हवं. म्हटलं, बरोबर आहे, ओत.

लेकीवर लोभ असतोच. तुझा बापावर असू दे.

तुझा अप्पा
क. सेन्निअप्पन