आत्यांचा डावा हात आणि बुडबुड्यांची बाटली

तीर्थस्वरूप मामांना भाच्याचा वाकून नमस्कार. (प्रत्यक्ष वाकणं हल्ली माझ्या कंबरेला मानवत नाही, पण कागदावर मी पार जमिनीपर्यंत वाकलो आहे असं समजावं.)

तुमचा गुडघा कसा आहे? सकाळचं फिरणं चालू आहे, की कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत जाऊन परत येण्यालाच तुम्ही फिरणं म्हणता? तुमची बहीण, म्हणजे माझी मातोश्री, ठणठणीत आहे आणि त्याचा पुरावा म्हणून दिवसभर माझ्यावर ओरडत असते. तिनं निरोप सांगितलाय, की एकट्यानं राहायची हौस पुरे झाली, आता थोडे दिवस आमच्याकडे या. निरोप मी पोचवला. माझं स्वतःचं म्हणाल तर काहीच काम नाही, पत्र सहज लिहितोय. बऱ्याच दिवसांत तुमच्याशी मोकळेपणानं बोलणं झालं नाही, आणि बोलावं असं नुकतंच बरंच काही घडलं आहे.

तर मला बढती मिळाली. बढती म्हणजे पगार तोच, खुर्ची तीच (तिचा एक पाय अजून लंगडाच आहे), फक्त दारावर नवी पाटी आली: नवकल्पना आणि पर्यावरण विभाग. विभागात मी एकटाच. झालं असं, की एका बैठकीत मी बेसावधपणे बोलून गेलो, की आपल्या कारखान्याच्या बाटल्या फार जड आहेत, आतल्या मालापेक्षा बाटलीच उचलून माणूस थकतो. ही तक्रार होती, मामा. आदल्या दिवशी पिशवीभर बाटल्या घेऊन जिने चढलो होतो, त्याची तक्रार. पण मालकांनी टेबलावर हात आपटला आणि म्हणाले, की मग हलकी करून दाखव. आमच्याकडे बैठकीत जो तोंड उघडतो त्याच्याच गळ्यात काम पडतं, म्हणून जुनीजाणती मंडळी तिथे सतत काहीतरी चघळत बसतात.

हलकी बाटली मी केली. दिसायला देखणी, अंगानं नाजूक, आणि इतकी हलकी की सरकत्या पट्ट्यावरून निघाली रे निघाली की पंख्याच्या वाऱ्यानं आडवी व्हायची. ती पडताना शेजारणीला घेऊन पडायची आणि शेजारीण तिच्या शेजारणीला. शेवटी आम्ही पंखे बंद केले. बाटल्या उभ्या राहिल्या आणि माणसं आडवी झाली, कारण काचेच्या भट्टीशेजारी पंख्याशिवाय उभा राहणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. दोन्हीपैकी काय उभं ठेवायचं असा प्रश्न आला तेव्हा मालकांनी माणसं निवडली (हा त्यांचा मोठेपणा, पण मी तोंडावर बोललो नाही, शेफारतील) आणि मला दुसरी काहीतरी कल्पना काढायला सांगितली.

दुसरी कल्पना कळायला बाटली कशी होते ते कळायला हवं. थोडक्यात सांगतो. (थोडक्यात सांगण्याचा गुण तुमच्या बहिणीकडून मला आलेला नाही, तरी प्रयत्न करतो.) वाळू, सोडा आणि चुनखडी भट्टीत वितळतात. त्या लालभडक रसाचे थेंब कापले जाऊन साच्यात पडतात, आत हवा फुंकली की बाटली तयार. मग ती एका लांबलचक उबदार बोगद्यातून हळूहळू निवत तपासणीच्या टेबलाशी येते. तिथे बायका उजेडाच्या पडद्यासमोर बसलेल्या असतात. डाव्या हातानं बाटली उचलायची, उजेडात फिरवायची. चांगली असेल तर उजव्या हातानं खोक्यात ठेवायची आणि खोट असेल तर डावा हात तिला तसाच डावीकडच्या घसरगुंडीत सोडतो. खाली तिचा चुरा होतो आणि तो चुरा पुन्हा भट्टीत जातो. वाया काही जात नाही, याचा आम्हाला फार अभिमान.

आता गंमत अशी, की जुनी काच वाळूपेक्षा कमी आचेवर वितळते. म्हणजे इंधन वाचतं, वाळू उपसावी लागत नाही. मग जवळजवळ सगळी बाटली जुन्या काचेचीच का करू नये? अडचण एकच होती. आमच्या भट्टीत तशा काचेत मोहरीएवढे बुडबुडे राहत होते आणि ते घालवायचे तर काच जास्त वेळ आचेवर ठेवावी लागते, म्हणजे वाचलेलं इंधन पुन्हा जळतं. तेव्हा मला वाटलं, घालवायचेच कशाला? उलट बुडबुडे मिरवावेत. ही बाटली जुन्या काचेची आहे, हे बघणाऱ्याला लांबून कळावं. फळांचा रस बाटलीत भरून विकणाऱ्या एक बाई आहेत, त्यांनी ही कल्पना अक्षरशः झेलली. त्यांचं म्हणणं, की साधी स्वच्छ बाटली त्यांना कुणीही देतं, त्यांना प्रत्येक बाटलीत बुडबुडे हवेत, आणि तशा मिळाल्या तर आमच्याशी कायमचा करार करायला त्या तयार होत्या.

इथे आत्या येतात. आत्या म्हणजे तपासणीच्या टेबलाच्या प्रमुख. त्या कुणाच्याच आत्या नाहीत, पण मालकसुद्धा त्यांना आत्याच म्हणतात. मी कारखान्यात नवा होतो तेव्हा बाटलीवर टिचकी मारून नुसत्या आवाजावरून तडा ओळखायला त्यांनीच मला शिकवलं, आणि मी चुकलो की टिचकी मला मारायच्या. कुणाच्या घरी पाणी दिलं तरी पेला आधी उजेडात धरतात. त्या लांबून येताना दिसल्या की चष्म्याचा दुकानदार आतून कडी लावून घेतो असं ऐकून आहे. तर आत्यांना आणि त्यांच्या मैत्रिणींना मी समोर बसवून समजावलं, की या नव्या बाटलीत बुडबुडा हा दोष नाही, गुण आहे. आत्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली, वर कल्पना चांगली आहे असंही म्हणाल्या. मी निश्चिंत मनानं उत्पादन सुरू करायला सांगितलं.

मामा, पुढचे काही दिवस म्हणजे माझ्या नोकरीतला सोन्याचा काळ. भट्टीचे मिस्त्री सांगत आले, की इंधन कधी नव्हे इतकं कमी लागतंय. भांडारातून निरोप आला, की वाळूचा ढीग जागचा हलत नाही. जुन्या काचेचं प्रमाण रोज चढत होतं. मी फाटकाजवळ एक मोठा फळा लावून घेतला आणि सकाळी सकाळी स्वतःच्या हातानं त्यावर आकडे चढवू लागलो. पॅकिंगवाल्यांनी तर कळवलं, की खोक्यांच्या पुठ्ठ्याचा खप शून्यावर आला आहे. मी तोही लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या. (शून्यापाशी जरा थांबून विचार करावा असं वाटलं नाही का, असं तुम्ही विचाराल. हातात खडू असला की माझं डोकं चालत नाही.)

मग रसवाल्या बाई माल बघायला आल्या. मालकांनी त्यांना भट्टी दाखवली, फळा दाखवला, मला दाखवलं. बाई खूश होत्या. सगळं बघून झाल्यावर त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, की आता भरलेली खोकी बघू या का. आम्ही पॅकिंगमध्ये गेलो. तिथली माणसं आंघोळ केल्यासारखी ताजीतवानी बसली होती आणि गुदामात आमच्या पावलांचा आवाज घुमत होता. मी धीर धरून पट्ट्याच्या कडेकडेनं, तो येतो त्या दिशेला चालत निघालो, माझ्यामागे मालक, त्यांच्यामागे बाई, आणि आम्ही तपासणीच्या टेबलाशी पोचलो.

टेबलावर काम जोरात चाललं होतं. डावा हात बाटली उचलत होता, उजेडात फिरवत होता आणि घसरगुंडीत सोडत होता. खळ्ळ. पुढची. खळ्ळ. उजवे हात सगळ्यांचे मांडीवर. तो आवाज आम्ही दिवसरात्र ऐकतच होतो, पण काचेच्या कारखान्यात काच फुटल्याच्या आवाजाकडे लक्ष कोण देणार? मालकांनी शक्य तितक्या हळू आवाजात विचारलं, की आत्या, या टाकायच्या नाहीत असं ठरलं होतं ना? आत्यांनी चमकून आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. तोवर त्यानं आणखी एक सोडली होती.

"मी नाही टाकल्या," आत्या म्हणाल्या. "हातानं टाकल्या."

खोटं बोलत नव्हत्या, मामा. त्यांनाच धक्का बसला होता. सगळा जन्म बुडबुडा दिसला की सोडायचा, त्यात डोक्याला कोण विचारतं? मग हळूहळू उलगडा झाला. इतके दिवस त्याच काचेच्या बाटल्या होत होत्या, टेबलापर्यंत येत होत्या, फुटत होत्या, भट्टीत जात होत्या आणि पुन्हा बाटल्या होऊन येत होत्या. वाळू लागत नव्हती, पुठ्ठा लागत नव्हता, वाया काही जात नव्हतं. बाई मात्र उपड्या खोक्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या.

"कारखाना फार छान आहे तुमचा," त्या म्हणाल्या. "फक्त यातून बाटल्या बाहेर येत नाहीत."

बाई दिलदार, त्यांनी आम्हाला आणखी एक संधी दिली. महिनाअखेरीला पुन्हा येतील, तेव्हा खोकी भरलेली दिसली तर करार. पण मालकांचं डोकं फिरलं. त्यांनी कॅमेऱ्याचं तपासणी यंत्र बघून ठेवलंय. त्याला बुडबुडा चालतो म्हणून सांगितलं की चालतो, त्याला सवयी नसतात. या खेपेला जमलं नाही तर टेबल उचलायचं आणि तिथे यंत्र बसवायचं. टेबल उचलायचं म्हणजे आत्यांना आणि त्यांच्या मैत्रिणींना घरी पाठवायचं. मला फार वाईट वाटलं. कल्पना माझी, पाटी माझी, आणि खापर त्यांच्या डोक्यावर. आत्यांनी मला साधी टिचकीही मारली नाही, त्यानं तर आणखीच लागलं.

तेव्हापासून आमचे प्रयोग चालू आहेत. डावा हात खिशात घालून पाहिलं, तर उजवा हात लगेच तयार झाला. आत्यांना काळा चष्मा दिला, तर बुडबुडे त्यांच्या बोटांना लागू लागले. मग मी माझ्या विभागाला शोभेल अशी शक्कल लढवली: घसरगुंडी आणि खोकं यांच्या जागाच बदलल्या. डावा हात सोडणार तर सोडू दे, बाटली खोक्यातच जाईल. गेली. पण ज्या जोरानं घसरगुंडीत जाते त्याच जोरानं खोक्यात गेली, आणि त्या दिवशी आमचं पहिलं खोकं काठोकाठ भरलं, चुऱ्यानं.

असो. बाकी सगळं छान चाललं आहे. तुम्ही तब्येतीला जपा, गुडघ्याला तेल चोळत जा आणि कधीतरी पत्राला उत्तर देत जा.

तुमचा लाडका (दुसरा भाचा नाही, म्हणून)
भाचा

ता. क. सुरुवातीला काही काम नाही असं लिहिलं, ते खोटं. तुम्ही इतकी वर्षं शाळेत शिकवलंत आणि एकाही पोराला नापास केलं नाहीत. वरून चौकशी आली तरी केलं नाहीत. गणितात भोपळा मिळवणाऱ्याबद्दल तुम्ही लिहायचात, की हा भांडणं छान मिटवतो, याला पुढे जाऊ द्यावं. मीही तुमच्याच वर्गात होतो, आणि माझ्यात काय काय कच्चं होतं ते तुम्हाला दिसत नव्हतं असं मुळीच नाही. दोष बघायला आत्यांना कुणी शिकवायला नको. दोष स्वच्छ दिसत असताना पास कसं करायचं, ते शिकवणारा माणूस हवाय, आणि तसा माणूस माझ्या ओळखीत एकच आहे. महिनाअखेरीच्या आत या आणि आत्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसा. आईनं खोली झाडून ठेवली आहे.

ता. क. आणखी एक. आत्यांच्या कानावर तुमचं नाव घातलं. त्या म्हणाल्या, येऊ देत, पण आधी मी त्यांना उजेडात बघणार. मनावर घेऊ नका, सगळ्यांनाच बघतात.

ता. क. शेवटचा. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात आत्या स्वतः आल्या. हातात नव्या मालातली एक बाटली, चेहरा कसा उजळलेला. बाटली माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, की मामांना उगाच त्रास देऊ नका, मला जमलं, ही मी पास केली, माझ्या हातानं केली. मला इतकं भरून आलं की मी उठून त्यांना नमस्कार केला आणि हे पत्र फाडायलाही घेतलं (वरचा कोपरा फाटलेला दिसेल तो त्यामुळे). त्या गेल्यावर मी बाटली उजेडात धरली. मानेकडून बघितली, बुडाकडून बघितली, सगळीकडून फिरवून बघितली. मामा, तिच्यात एकही बुडबुडा नाही. अख्ख्या ढिगातून त्यांनी तेवढी एकच हुडकून काढली आहे. मिळेल त्या गाडीनं निघा.