उतारावरची गाडी

२७ मे २०१०

फिजिक्स — एकोणीस! बाकीचे दोन पेपर बरे आहेत, पण बऱ्याने काय होतं? मेडिकलची यादी विनूच्या कितीतरी वरच संपली.

विनू निकाल बघून आली. पाणी प्यायली. मग नारळ फोडायची कोयती घेतली आणि सीईटीचं जाडं पुस्तक उंबऱ्यावर ठेवून तोडायला लागली. ओरडली नाही, रडली नाही. लाकूड फोडावं तसे एकेक घाव. पुस्तक सहजी तुटत नाही — कोयती अडकायची, ती पाय देऊन सोडवायची. मी हात धरायला गेले तर मनगटाला कडकडून चावली!

मग खाली बसली. भिंतीवरच्या फोटोकडे बघत म्हणाली, "आई, बाबांना काय सांगू मी?"

२८ मे

चावा निळा पडलाय. पेज ढवळताना दुखतं.

५ जून

शेजारचा कृष्णनाथ आला होता. पंचायतीचा पंच, पण माझ्याशी धाकट्या दिरासारखा वागतो. ओट्यावर बसून विनूबद्दल म्हणाला, "वैनी, चेडवाक नर्सिंगाक घाल. सगळींच दोतोर जाल्यार पेशंट कोण जातलो?"

आतून बालदी आली उडत! त्याच्या नडगीवर बसली. पाठोपाठ विनूचा आवाज — "पयलो पेशंट तूंच!"

तो एका पायावर नाचला. मला हसू आवरेना. विनू हसली नाही.

परीक्षेला परत बसायचं ठरलं. वर्षभर डिचोलीचा क्लास.

११ जुलै

विनू क्लासला जाते, येते, पुस्तक उघडते, मिटते. आज एकदम म्हणाली, "जवळ डॉक्टर असता तर बाबा वाचले असते ना?" मी हो म्हटलं. तिसरीत असल्यापासून ती हेच विचारते आणि मी हेच सांगते — गाडी उलटली, दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. तिचं डॉक्टर होणं या माझ्या थापेवर उभं आहे.

कागदाला तरी खरं सांगते. गाडी उलटली नव्हती. शहाण्णव साल. सदाशिव खाणीची गाडी चालवायचा. एका उतारावर शाळेतून घरी जाणारी पोरगी चाकाखाली आली. तो पळाला नाही. उतरून तिला उचलायला गेला. लोकांनी तिथेच धरला, त्याच्याच गाडीतल्या चाकं खोलायच्या पान्याने मारला. मला दाखवला तेव्हा तोंड राहिलं नव्हतं. बोटावर लहानपणी विळी लागल्याची खूण होती, तिच्यावरून मी म्हटलं — हो, हेच.

शिक्षा कोणाला झाली नाही. कोणी पाहिलंच नव्हतं म्हणे.

पेपरात एक वाक्य आलं. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. भावाने वाचलं, "अपघातात निधन." खोटं वाचतोय हे आवाजावरून कळलं. तो तुकडा ठेवून दिला आणि पाव बांधून यायचे त्या कागदांवर अक्षरं लावत बसले. वर्षभराने वाचलं. 'संतप्त जमावाने चालकास चोप दिला, त्यात तो दगावला.'

चोप! तेवढं एक वाक्य वाचायला मी वाचायला शिकले.

त्या गावाचं नाव लिहीत नाही. त्या पोरीचंही. माहीत आहे. लिहीत नाही.

१९ ऑक्टोबर

पावसाळा संपला, खाणीच्या गाड्या सुरू झाल्या. पाववाल्या पोदेराचा भोंगासुद्धा ऐकू येत नाही. सदाशिवाचा फोटो सकाळी पुसते, दुपारी धुळीने परत लाल.

२ नोव्हेंबर

क्लासच्या चाचणीत फिजिक्स — बावीस.

संध्याकाळी शाळेतून परत येत होते. आमचा बायकांचा गट पोरांची पावभाजी करतो, तिथून. बघते तर विनू रस्त्याकडेच्या दगडी गडग्यावर उभी, हातात दगड. भरलेली गाडी वळणावर आली. तिने फेकला. समोरची काच खळ्कन गेली. गाडी हेलकावली, थांबली नाही.

विनूच्या तोंडावर हसू होतं. मे महिन्यानंतर पहिल्यांदा!

मी बोलले तर म्हणाली, "माणसं मारतात ते! आणि एक दगड मारला की मला रात्री झोप लागते."

दुसरी कोणी आई असती तर तिथेच खरं सांगून मोकळी झाली असती. मी भाताला पाणी ठेवलं.

२३ नोव्हेंबर

दार लावून घेतलं. लिहिते.

सकाळी गाडीने म्हाताऱ्या विठूला उडवला. पाय मोडला. आम्ही शाळेत कांदा चिरत होतो तेवढ्यात आमच्या गटातली पद्मावती धावत आली — "गे आनंदी, रस्तो बंद केला! तुजें चेडूं सगळ्यांच्या फुडें आसा!"

गेले. पाचपन्नास माणसं. मधे ड्रायव्हर पडलेला, कोवळा पोरगा, एक डोळा रक्ताने भरलेला. ओरडत होता, "माका मारू नकात, बाबांनो! मी थांबलंय ना! मी पळलंय नाय!"

सदाशिवाचीच बोली. दोडामार्गाकडची. चौदा वर्षं रोज रात्री माझ्या कानात हेच शब्द यायचे, फक्त आवाज नसायचा. आज आवाज आला.

मी आत घुसले आणि त्याच्यावर पालथी पडले. पाठीत बसलं, कमरेत बसलं. कृष्णनाथ ओरडत होता, "वैनी, तूं मदीं पडूं नाका!" बरगडीत एक लाथ आली. मी तो पाय धरला. निळी चप्पल. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मीच घेतलेली.

उठले. विनूचे केस धरले आणि भर रस्त्यात तिला मारलं. हाताने, चपलेने. ओठ फुटला तरी थांबले नाही. लोक ड्रायव्हरला सोडून आम्हांलाच बघायला लागले. तेवढ्यात पद्मावतीने त्याला बगलेत धरून शाळेत ओढला, कडी लावली.

तो वाचावा म्हणून विनूला मारलं असं पद्मावती सगळ्यांना सांगतेय. मी इथे सांगते — मला तेव्हा तो पोरगा आठवतच नव्हता.

२४ नोव्हेंबर

विनूला सांगितलं. सगळं.

"खोटं," म्हणाली. मग, "मारणाऱ्यांत बायका होत्या?"

"मला माहीत नाही."

"पोरी?"

"माहीत नाही गे."

२६ नोव्हेंबर

पोलीस आले. ओट्यावर कृष्णनाथ, अजून चार जण. सगळे म्हणाले, गर्दी होती, कोण मारतंय ते दिसलं नाही. ड्रायव्हरचं नाव गोपाळ, डोळा गेला. मला विचारलं.

आत विनू दाराला टेकून उभी होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

मी म्हटलं — पाहिलं नाही.

२८ नोव्हेंबर

आम्ही दोघी एकमेकींशी बोलत नाही.

९ डिसेंबर

आज बोलली! पुस्तकातून मान वर न करता — "गाडी भरलेली होती की रिकामी?"

"कुठली?"

"बाबांची."

मी म्हटलं, भरलेली. खरं तर रिकामीच होती. खाणीकडे परत जात होती, पुढची फेरी भरायला. पण भरलेली म्हटलं की थांबवता आली नसेल असं वाटतं.

विनू म्हणाली, "भरलेली असली तरी फरक नाही. ब्रेक मारल्यावर गाडी कुठे थांबते या गणितात वजन दोन्हीकडून कटतं. वेग सांग."

"चाळीस," मी म्हटलं.

कुठून आणले चाळीस? सदाशिव तर मिशीवर हात फिरवत सांगायचा, "आनंदी, उतारावर साठच्या खाली माझी गाडी जाणाच नाय!" फेरीमागे पैसे मिळायचे. चाळीस ऐकायला बरं वाटलं.

१५ जानेवारी २०११

चाचणी. फिजिक्स — एक्केचाळीस! ब्रेक, उतार, घर्षण, सगळी गणितं करते. एक झालं की पुढचं. ओठावरचा वण बुजला नाही.

विचारलं, "आता डॉक्टर कशाला? ते तर मी खोटं सांगितलं होतं."

"गोपाळच्या डोळ्यावर लागलेला दगड माझा होता."

एवढंच. परत पान उलटलं.

२० फेब्रुवारी

त्या गावाला गेलो. विनूला अंतर मोजायचं होतं, वळणापासून आंब्यापर्यंत. पोरगी आंब्याखाली पडली होती. बसमधून उतरले तेव्हा माझ्या पिशवीत पाण्याची बाटली, दोन पाव आणि कोयती होती. कोयती का घेतली ते माहीत नाही. — माहीत आहे.

विनू टेप धरून रस्त्यात वाकली होती. समोरच्या घरातून एक बाई आली. माझ्याच वयाची. "कोण गो तुमी? रस्तो रुंद करतात?"

विनू म्हणाली, "हय, मोजतांव."

"करा बाय, करा. हांगा म्हजें चेडूं गेलें."

त्या पोरीच्या आईने आम्हांला सावलीला बोलावलं. पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. आत खाटेवर तिचा नवरा बसला होता. वाळलेला, पण हात मोठे. मी त्याच्या हातांकडे बघत राहिले. पिशवी मांडीवर होती. कोयतीची मूठ कापडातून हाताला लागत होती. एक घाव पुरला असता. मान तर कोंबड्याएवढी राहिली होती.

तो म्हणाला, "उदक थंड आसा मगे?"

मी म्हटलं, "आसा."

तांब्या परत दिला. बस येईपर्यंत पिशवी विनूकडे दिली. तिने उघडून बघितली, बंद केली, काही बोलली नाही.

६ मार्च

विनूचं उत्तर आलं.

"चाळीसने असती तर आंब्याच्या कितीतरी आधी थांबली असती, आई. बघून ब्रेक मारेपर्यंतचा वेळ धरला. उतार धरला. रस्त्यावर धूळ धरली. तरी थांबते. म्हणजे चाळीसने नव्हती."

मी तांदूळ निवडायला घेतले.

"आई, वेग किती होता?"

मी तिच्या तोंडात मारली. मनगटावर तिच्या दातांच्या खुणा अजून आहेत, तोच हात. यावेळी ती चावली नाही. हात धरून ठेवला.

"साठ," मी म्हटलं. "जास्तही असेल."

"म्हणून काय बाबांना पान्याने मारायचं होतं?" विनू म्हणाली. तिनेच विचारलं, तिनेच नाही म्हणून मान हलवली. मग रडली. आम्ही दोघी रडलो. कृष्णनाथ ओट्यापर्यंत आला आणि तसाच परत गेला.

३ मे

विनू परीक्षेला म्हापशाला गेली. निघताना फोटोकडे वळली नाही.

त्या पोरीचं नाव जानकी. आठ वर्षांची. ती आपणहून चाकाखाली आली नव्हती. माझ्या नवऱ्याने तिला मारलं.