सुचेताची सुस्ती

जयनगर, बेंगळूर
१० फेब्रुवारी १९९४

ती. सौ. कावेरी अक्कास,
सुचेताचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन महिना झाला. रागावू नकोस, दोनदा लिहायला बसले आणि काय लिहायचं तेच विसरले.

परवा ऑफिसात गुरुराज साहेबांनी बोलावलं. फोनवर माझा आवाज इतका घोगरा आणि सावकाश येतो की, बाई झोपेतून उठल्यात का, असं बाहेरची माणसं विचारतात म्हणे. मॅनेजरांचा फोन मी गोदामात जोडून दिला, हेही खरंच. इंदिरानगरच्या या कंपनीत नऊ वर्षं मी टेलिफोन ऑपरेटर आहे, असं कधी कोणी बोललं नव्हतं.

घरी सासूबाई म्हणतात, सून सुस्तावली. दहा तास झोपूनही मी गळालेलीच असते. जेवण निम्मं झालंय, तरी एकही ब्लाउज अंगात जात नाही. जवळच्या डॉक्टरांनी दिलेल्या रक्तवाढीच्या टॉनिकच्या दोन बाटल्या संपल्या. महिनाअखेर राजीनामा द्यावा म्हणते. ह्यांना सांगितलेलं नाही, तूही कुणाला बोलू नकोस.

आळशी बहिणीवरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
सुचेता

धारवाड
१६ फेब्रुवारी १९९४

चि. सौ. सुचेतास अ. आ.

राजीनामा-बिजीनामा काही द्यायचा नाही. आधी डॉक्टर.

आमच्या नरसिंहच्या मुंजीत तू चुलाणाजवळ बसूनही स्वेटर काढला नाहीस. पापण्या सुजलेल्या होत्या. मला वाटलं, प्रवासाचा शीण. पण तुझं पत्र वाचलं आणि आमच्या शाळेतल्या शिवणाच्या बाई डोळ्यांसमोर आल्या. त्यांचंही असंच झालं होतं: सारखी थंडी, केस गळणं, कोरडी कातडी, शौचाला त्रास, पाळीत जास्त जाणं. रक्त तपासल्यावर कळलं की गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंद चालते आहे. आता त्या वर्गात माझ्याहून मोठ्यानं ओरडतात!

मी शाळेतली मास्तरीण, डॉक्टर नव्हे. तुझं काही वेगळंही असेल, म्हणूनच तपासायला हवं. चांगल्या फिजिशियनकडे जा. कधीपासून काय होतंय ते कागदावर लिहून ने, विसरशील. दुसऱ्या कुणाच्या गोळ्या मात्र घेऊ नकोस.

आणि एक कबुली. कुणाला बोलू नकोस म्हणालीस, मी ऐकलं नाही. तुझ्या सासूबाईंना आजच वेगळं पत्र टाकलंय. हवं तेवढं रागव, पण तपासून घेऊन रागव.

तुझ्यावर हुकमत गाजवणारी,
अक्का

जयनगर, बेंगळूर
२ मार्च १९९४

सौ. कावेरी अक्कांस,
अंबूबाईचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी राग आला. माझ्या घरातलं तुम्ही मला धारवाडहून सांगायचं? पुन्हा वाचलं, तेव्हा माझी धाकटी जाऊ भागुबाई आठवली. तिचाही चेहरा असाच सुजला होता, आवाज जाड झाला होता. आम्ही तिला ऐदी म्हणत राहिलो, डॉक्टरकडे कुणी नेलं नाही. एका थंडीत ती गेली. तिला काय झालं होतं ते आज सांगता येणार नाही. विचारलंच नाही आम्ही.

शनिवारी मीच ऑटो थांबवली. सुचेता नको म्हणत होती, मी ऐकलं नाही. डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली, फार हळू होती. गळा चाचपला, रक्त तपासायला पाठवलं. थायरॉइडच निघालं. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, मग पाऊण तास कॉफी नाही. तोवर घरात कुणालाच कॉफी मिळणार नाही, असं मी जाहीर केलंय.

गोळी बहुधा जन्मभर घ्यावी लागेल, हे ऐकून ती रडली. मी तिला सांगितलं, मी बीपीची गोळी बारा वर्षं घेते आहे, आणि माझा आवाज कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जातो.

यापुढेही असंच हक्कानं लिहीत जावं.

अंबूबाई

जयनगर, बेंगळूर
२४ मे १९९४

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझ्यावर रागावले होते, एक दिवस. तेवढा पुरे.

पहिले तीन आठवडे काहीच फरक पडला नाही. वेळ लागेल, मधेच सोडू नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मग एका दुपारी लक्षात आलं, आज झोप आलीच नाही! दीड महिन्यानं पुन्हा रक्त तपासून त्यांनी गोळी स्वल्प वाढवली. गुरुराज साहेबांना मी रिपोर्ट दाखवला. चुकलंच आमचं, आधी तब्येत विचारायला हवी होती, असं ते म्हणाले. महिनाभर मला टपालाचं काम दिलं. गेल्या सोमवारपासून मी पुन्हा फोनवर आहे. वजन अजून हट्टीपणा करतंय, पण करू दे.

परवा सासूबाईंबरोबर भाजीला गेले. भराभर पुढे निघाले, तर मागून त्यांनी हाक मारली, जरा सावकाश चाल, मला धाप लागते. अक्का, सावकाश चाल असं त्या मला म्हणाल्या! भर बाजारात उभी राहून मी हसले, आणि त्याही हसल्या.

न सांगता अशीच माझ्यात लुडबुड करत राहा.

तुझी,
सुचेता