औषधाच्या पेल्यातली शेवंती

आई,

तुझ्या नातीने मदर्स डेला आणलेली फुलं आज एकोणिसाव्या दिवशी अजून उभी आहेत. उभी म्हणजे काय, गुलाबांनी केव्हाच मान टाकली आणि ट्युलिप तर पाचव्या दिवशीच बिनमध्ये गेले. पण चार पिवळ्या शेवंत्या आहेत, माझ्यासारख्याच हट्टी निघाल्या. शेजारची गोरी बाई परवा किचनमध्ये येऊन बघून गेली, "हाउ डू यू डू इट?" म्हणाली. मी म्हटलं, माय मदर वॉज अ नर्स. तिला काय कळलं असेल देव जाणे. पण फुलांची बढाई मारायला मी लिहीत नाहीये. मी तुझ्याशी एक खोटं बोलले होते, आणि बावीस वर्षं ते तसंच सांभाळून ठेवलंय. ते सांगायला बसलेय. पण तू मला ओळखतेसच, सरळ मुद्द्यावर येईन तर मी कसली.

नागपूरच्या सरकारी दवाखान्यातला तुझा वॉर्ड मला आपल्या घरापेक्षा जास्त आठवतो. शाळा सुटली की मी तिथेच, ड्युटीरूमच्या बाकावर, दप्तर मांडीवर. ज्यांना भेटायला माणसं येत त्यांच्याकडे गुच्छ येत, आणि डिस्चार्ज मिळाला की माणसं ते तिथेच टाकून जात. तू ते गोळा करायचीस. देठ ब्लेडने कापायचीस, तिरपे. कात्री लावू द्यायची नाहीस, तिने देठ चेंगरतो म्हणायचीस. पाण्यात बुडतील तेवढी पानं काढून टाकायची. सलाइनच्या बाटलीत तळाशी उरलेलं ग्लुकोज, त्यात पाणी आणि ब्लीचिंगचा एक थेंब. मग ती बाटली ज्याच्याकडे कुणी फिरकत नाही अशा पेशंटच्या लॉकरवर. तिथे आधीच केळी असली की तू ओरडायचीस, "ते केळं सरकव पहिले तिकडं! पिकल्या केळाजवळ फूल टिकत नाही बाप्पा." तुला यातलं शास्त्र ठाऊक नव्हतं. मला इथे येऊन इंटरनेटवर कळलं की तू बरोबर होतीस.

एकदा मी शहाणपणा केला. अकरा वर्षांची असेन. खिडकीजवळच्या म्हातारीची फुलं सुकत आली होती, मी ती उचलून बादलीत टाकली आणि शाबासकीसाठी तुझ्याकडे बघत उभी राहिले. तू अख्ख्या वॉर्डासमोर माझी खरडपट्टी काढलीस. "काहून फेकले? कोणी सांगितलं तुले? लेक येईपर्यंत ठेवा म्हणाली होती ते!" बादलीतून तू एक त्यातल्या त्यात बरं फूल काढलंस, देठ पार बोटाएवढा कापलास आणि औषध मोजायच्या छोट्या पेल्यात उभं केलंस. म्हातारी हसली. तिचा लेक आला की नाही ते मात्र मला आठवत नाही. खूप आठवून पाहिलं.

आणि घरी? घरी सगळं उलटं. सकाळी वंदनेला बुद्धांपुढे वाहिलेली फुलं संध्याकाळपर्यंत माना टाकायची, आणि तू त्यांना पाण्याचा एक थेंब लावायची नाहीस. मी विचारलं होतं, इथे का नाही गं टाकत ग्लुकोज? तू पोळ्या लाटत होतीस. म्हणालीस, फूल कोमेजतं तसा आपला देहही जाणार, हे रोज डोळ्यांनी पाहायचं म्हणून तर वाहतो. मग पोळी तव्यावर टाकून वर म्हणालीस, "अन् इथं कोणाची वाट पाहाची हाय?" मला तेव्हा ते काही फारसं कळलं नाही, मी गुळाचा खडा घेऊन पळाले.

आता मी वाट बघते. लेक ब्रिस्टलला असते, विमानांच्या इंजिनांचं काहीतरी करते, मला विचारू नकोस. मदर्स डेला आली, भलामोठा बुके दिला, "दोन वीकमध्ये परत येते" म्हणून गेली. मग काय, मी तुझी विद्या बाहेर काढली. बुकेबरोबर आलेली, फुलं टिकवायची पुडी चार दिवसांत संपली, पुढे साखर आणि ब्लीचचा थेंब. रेडिएटरपासून लांब, केळी मायक्रोवेव्हवर. दर दोन दिवसांनी ब्लेड. देठ कमी कमी होत गेले तशी फुलं काचेच्या व्हासमधून उंच ग्लासात आली, मग स्टीलच्या फुलपात्रात. काल ती वाटीत आली. ह्या वयात मी फुलांच्या मागे येडी झालेय, हसू नकोस.

काल संध्याकाळी तिचा फोन आला. "सॉरी आई, या संडेला पण नाही जमणार. माझी रिव्ह्यू आहे. माझा ट्रेनसुद्धा बुक होता." पोरीचं मराठी असंच आहे, मी आता सुधारत नाही. "फुलं अजून आहे?" मी म्हटलं, आहेत की. "ओ गॉड आई, टाक ना ती!" म्हणाली. मग बारीक आवाजात, "आय फील हॉरिबल. आजीच्या वेळी तुझा पासपोर्ट अडकला होता, तुझ्या हातात काहीच नव्हता. माझी काय एक्स्क्यूज आहे? नुसता काम." मी म्हटलं, अगं वेडे, त्यात काय एवढं, पुढच्या रविवारी ये. फोन ठेवला आणि ओट्याशी उभी राहून रडले. माझ्या खोट्याचं ओझं ती वाहतेय, आणि मी तिला "त्यात काय एवढं" म्हणतेय.

तुला आठवत असेल. तू तुझ्याच जुन्या वॉर्डात अ‍ॅडमिट होतीस. इथे बेसिंगस्टोकला मला नवी नोकरी लागून पाच महिने झाले होते, प्रोबेशन चालू होतं, आणि पासपोर्ट व्हिसा वाढवायला पाठवलेला. मी इथून नागपूरच्या फुलवाल्याला फोन करून तुला बुके धाडला. "पैसे काहून घालवले?" म्हणालीस, पण आवाजात खुशी होती. "कधी येतं मग?" मी म्हटलं, पासपोर्ट हातात आला की त्याच दिवशी निघते. "ये आरामात. तू येईपर्यंत टिकतील फुलं."

रविवारी दुपारी तू गेलीस. मी मंगळवारी पोचले. तुझी गादी गुंडाळलेली होती, पण लॉकर अजून कुणी आवरला नव्हता. त्यावर औषधाचा पेला, पेल्यात एक शेवंती, देठ बोटाच्या पेराएवढा. तरुण सिस्टर म्हणाली, "मॅडम रोज माझ्याकडून ब्लेड मागून घ्यायच्या. पोरगी येतेय म्हणायच्या. शेवटी हात थरथरायला लागले, मग मलाच कापायला लावलं. म्हणून आज सकाळी पाणी बदललं मी." सगळे नातेवाईक व्हिसावाल्यांच्या नावाने बोटं मोडत होते. मावशी तर म्हणाली, दगडाच्या काळजाची माणसं! मी मान खाली घालून ऐकून घेतलं. मग मीही सगळ्यांना तेच सांगत राहिले, लेकीलाही.

हे पत्र कुठे जाणार नाही, पाकीटसुद्धा काढलेलं नाही. लेकीला आज फोन करायचाय. आधी तुझ्यापाशी म्हणून बघते, तोंडातून निघतंय का. पासपोर्ट गुरुवारी सकाळीच आला होता, आई. सोमवारी माझा प्रोबेशनचा रिव्ह्यू होता, तेवढा उरकून निघावं असं ठरवलं. बॉसला विचारलंसुद्धा नाही; विचारलं असतं तर तो जा म्हणाला असता, भला माणूस होता. शुक्रवारी तू फोनवर विचारलंस, "आला का गं?" आणि मी म्हटलं, नाही गं अजून. तेव्हा तो माझ्या पर्समध्ये होता, आणि तू फुलांचे देठ कापत होतीस.